हाकेचे नाव आणि दप्तरातले नाव

आपल्या वस्त्यांमधून अलीकडे एक गोष्ट ठळकपणे दिसू लागली आहे. मूल जन्मले की घरात ज्या लाडक्या नावाने त्याला हाक मारली जाते, तेच नाव जन्माच्या नोंदीतही जाते. सोनू, बंटी, पिंकी, बबलू, प्रिन्स, छकुली, गुड्डी, परी. ही नावे पूर्वी पाळण्याभोवती असत आणि मूल शाळेत गेले की मागे पडत. आता ती दाखल्यावर येतात, गुणपत्रिकेवर येतात आणि मी ज्या महाविद्यालयात शिकवतो तिथल्या हजेरीपटावरही येतात. याबाबत कार्यकर्त्यांमध्ये दोन मते ऐकू येतात. पहिले मत असे, की धर्मांतरानंतर आपण सिद्धार्थ, मिलिंद, संघमित्रा, यशोधरा अशी इतिहास सांगणारी नावे घेतली आणि आता या तोकड्या, सिनेमातल्या नावांकडे वळलो. ही सरळसरळ घसरण आहे. दुसरे मत असे, की हा आईबापांचा लाड आहे, चळवळीने पाळण्यात डोकावू नये.

मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. दोघेही नावाकडे केवळ शब्द म्हणून पाहतात. नाव हा शब्द आहेच, पण तो एक सामाजिक व्यवहारही आहे. एक माणूस हाक मारतो, दुसरा ओ देतो आणि तिसरा कोणी ते नाव दप्तरात लिहून ठेवतो. हाक कोण मारतो, कोणत्या अधिकाराने मारतो, त्याला तशीच उलट हाक मारता येते काय, आणि लिहिणाऱ्याने काय लिहिले, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय कुठल्याही नावाची प्रतिष्ठा ठरवता येत नाही. हे प्रश्न दलित साहित्याने फार पूर्वीच विचारलेले आहेत. आपल्या समीक्षेने मात्र त्यांच्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. आत्मकथनांतील भूक, बलुते, शाळा, दारिद्र्य यांवर पुष्कळ लिहिले गेले. त्यांतल्या नावांवर फारच थोडे.

१

सुरुवात मनुस्मृतीपासून करणे भाग आहे. तिच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम सांगितला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल सुचवणारे, क्षत्रियाचे बल सुचवणारे, वैश्याचे धन सुचवणारे आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असे असावे. ज्यांना चार वर्णांच्या चौकटीतही जागा नव्हती त्यांच्या नावाचा विचार करण्याची तसदी या नियमाने घेतलेली नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळण्यात आला. पण ग्रंथ जाळला तरी गावाच्या जिभेवरचा नियम लगेच जळत नाही. कचरू, केरू, दगडू, धोंड्या, उकिरड्या, भिक्या ही नावे त्यानंतरच्या पिढ्यांनीही वागवली.

येथे प्रस्थापित अभ्यासक एक हरकत घेतात. ती खोटी नाही, म्हणून तिचा विचार केला पाहिजे. ते म्हणतात, ज्या घरात मुले जगत नसत त्या घरात नव्या मुलाला मुद्दाम टाकाऊ वस्तूचे नाव देत. दगडाला, केराला, कचऱ्याला मृत्यू कशाला उचलून नेईल, अशी त्यामागची भाबडी समजूत. ही चाल सर्व जातींत होती. तेव्हा हा जातीचा प्रश्न नसून लोकसमजुतीचा आहे.

ही चाल सर्व जातींत होती हे मान्य. महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो. १८५७ च्या लढ्यातले नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत. धोंडो म्हणजे धोंडाच. पण हीच उदाहरणे जरा उलटवून पाहावीत. एका धोंड्याला 'पंत' लागले. दुसऱ्याच्या मागे वडिलांचे नाव, आडनाव, पदवी उभी राहिली. तो अण्णा झाला, अण्णासाहेब झाला, महर्षी झाला आणि वयाच्या शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये, भारतरत्न झाला. त्याच्या नावातला दगड कोणाला टोचला नाही. आमच्याकडे मात्र 'धोंड्या' हे नाव पाळण्यात ठेवले आणि सरणावर चढले. मधल्या साठ वर्षांत त्याला ना 'पंत' लागले ना 'राव'. समजूत सर्वांची एकच होती, पण त्या समजुतीतून बाहेर पडण्याची वाट सर्वांना सारखी नव्हती. जातीचा प्रश्न आहे तो इथे आहे.

दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यात दगडू बोलतो आणि दया पवार ऐकतो. ही दोन्ही माणसे एकच आहेत हे वाचकाला माहीत असते, कारण लेखकाचे मूळ नावच दगडू मारुती पवार. या रचनेची चर्चा झाली ती निवेदनाचे तंत्र म्हणून, किंवा शिकलेल्या दलिताच्या दुभंगलेल्या मनाचे चिन्ह म्हणून. मला त्यात आणखी एक साधी गोष्ट दिसते. या माणसाला जन्मतः एकच नाव मिळाले होते. दुसरे नाव त्याला स्वतः मिळवावे लागले, तेही मोठेपणी, लेखणी हातात आल्यावर. सवर्ण घरातल्या मुलाला पाळण्यातच दोनतीन नावे मिळत. पत्रिकेतले एक, व्यवहारातले एक, लाडाचे एक. घरात एक वापरावे, जगात दुसरे. दगडूला ही सोय नव्हती. जगाने त्याला जे म्हटले तेच घरात आणि घरात जे म्हटले तेच जगात. म्हणून 'बलुतं'मध्ये दोन नावे समोरासमोर बसून बोलतात तेव्हा ते केवळ तंत्र राहत नाही. नाकारलेले दुसरे नाव कमावल्यावर पहिल्या नावाचे काय करायचे, हा तिथला खरा पेच आहे. आणि लेखकाने दगडूला पुरून टाकले नाही. गोष्ट सांगण्याचा अधिकार त्याने दगडूलाच दिला, हे फार महत्त्वाचे.

२

आता हाकेकडे येऊ. मराठीत नाव आखूड करण्याची एक ठरलेली रीत आहे. रामाचा राम्या, गणपतचा गण्या, सिद्धार्थचा सिध्या. गंगाची गंगी, जनाची जनी, रखमाची रखमी. ग्रामीण साहित्याच्या कौतुकात या 'या'ला आणि 'ई'ला बोलीचा गोडवा म्हटले गेले. गोडवा आहे, नाही असे नाही. माझी आईही मला आजतागायत त्याच 'या'ने हाक मारते आणि माझ्या प्राध्यापकीने त्यात काही फरक पडलेला नाही. तिने पूर्ण नावाने हाक मारली तर घरात काहीतरी बिनसले आहे असे मी समजतो.

परंतु तीच हाक पाटलाच्या ओट्यावरून आली तर? ध्वनी तोच, शब्द तोच. तरीही माझ्या आजोबांच्या वयाच्या म्हाताऱ्याला दहा वर्षांच्या पोराने त्या 'या'ने हाक मारावी आणि म्हाताऱ्याने 'जी धनी' म्हणून ओ द्यावी, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या व्याकरणात गोडवा शोधता येणार नाही. तेव्हा आखूड नाव हे मुळात प्रेमाचेही नसते आणि अपमानाचेही नसते. त्याची कसोटी एकच : उलटून तसेच म्हणता येते काय? दोन मित्र एकमेकांना गण्या आणि दिल्या म्हणतात तेव्हा ती मैत्री असते. एकाने दुसऱ्याला 'या' म्हणायचे आणि दुसऱ्याने पहिल्याला 'राव' म्हणायचे, तेव्हा ती वर्णव्यवस्था असते. जातिवाचक शिवीला १९८९ चा कायदा आहे. या 'या'वर मात्र कुठले कलम लावणार?

संतसाहित्याचा दाखला येथे कोणी देईल. नामदेवाने स्वतःला नामा म्हटले, तुकारामाने तुका, जनाबाईने जनी. हे खरे. पण ही आखुडी त्यांनी स्वतः पत्करलेली होती आणि ती देवापुढे होती. शिवाय तिथेही उलट हाक होतीच. जनाबाईने थेट देवालाच 'विठ्या' म्हणून खडसावले आहे. देवाला जो 'या' चालतो तो गावच्या पाटलाला का चालत नाही, हा प्रश्न भक्तिमार्गाने देवळाच्या आत ठेवला, वेशीपर्यंत आणला नाही. चोखोबा तर देवळाच्या आतही जाऊ शकले नाहीत.

नाव आखूड करण्याची आणखी एक रीत आपल्याकडे आहे, तिच्याकडे कोणी आखुडी म्हणून पाहत नाही. ह. ना. आपटे, ना. सी. फडके, वि. वा. शिरवाडकर. इथे तर नावाचे एकेकच अक्षर उरले आहे. पण अक्षरापुढे टिंब आले की नाव आखूड होऊन मोठे होते आणि 'या' आला की आखूड होऊन खुजे होते. टिंब विद्वत्तेचे, 'या' ताबेदारीचा. आमच्यातल्या पहिल्या शिकलेल्या पिढीने हे टिंब कष्टाने मिळवले. 'आठवणींचे पक्षी'चे लेखक प्र. ई. सोनकांबळे झाले, तेव्हा त्या दोन टिंबांसाठी किती शाळा, किती वसतिगृहे आणि किती उपास खर्ची पडले होते ते त्या पुस्तकातच वाचावे.

लाडाच्या नावाचेही तसेच. लोकमान्यांचे पाळण्यातले नाव केशव. 'बाळ' हे घरातले लाडाचे. तेच पुढे बाळ गंगाधर टिळक म्हणून देशभर गेले. घरातले नाव दप्तरात गेले म्हणून टिळकांचे काही बिघडले नाही. 'बाळ' या शब्दातला लहानपणा कोणाच्या डोळ्यांवर आला नाही. म्हणजे घरगुती नाव जगात नेण्याचे स्वातंत्र्य काहींना होते. आमच्याकडे ते स्वातंत्र्य नव्हते, ती सक्ती होती. दोन्हींचा परिणाम कागदावर सारखा दिसतो, म्हणून गफलत होते.

३

कागदाचा उल्लेख झाला, तर कागदाविषयीच बोलू. बाबासाहेबांचे घरातले नाव भिवा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, त्यांचे नाव दाखल झाले. त्या नोंदवहीत नाव आहे ते भिवा. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो आणि आपण त्या पानाची छायाचित्रे मोठ्या श्रद्धेने पाहतो. श्रद्धा जरूर असावी. पण त्या पानावरून आणखी एक गोष्ट वाचता येते. सुभेदार रामजींचा मुलगा घरच्या हाकेसकट दप्तरात गेला आणि तिथून भिवाचा भीमराव होण्यापर्यंतची वाट त्याला चालावी लागली. पुढे लोकांनी त्यांना बाबासाहेब म्हटले आणि आमच्या बायाबापड्यांनी ओव्यांतून, गाण्यांतून भीम म्हटले, भिवाही म्हटले. आखूड नाव पुन्हा परत आले ते प्रेमाने, कारण आता ते नाव धारण करणारा माणूस कोणापुढे वाकलेला नव्हता.

सगळ्यांच्या वाट्याला हे आले नाही. गावोगावच्या कोतवाल बुकात, गाव नमुना चौदामध्ये, जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी आहेत. पुष्कळ मोडीत आहेत. त्या नोंदींत आमची माणसे 'अमक्या बिन तमक्या' अशी उभी आहेत आणि पुढे जातीचे नाव. लिहिणाऱ्याला पूर्ण नाव विचारण्याची गरज वाटली नाही. गाव जी हाक मारतो तीच त्याने लिहिली. हाक हवेत विरून जाते, पण लिहिली की ती टिकते. तिने एका माणसाचा अपमान चार पिढ्यांसाठी जपून ठेवला.

आणि आज काय परिस्थिती आहे? जात पडताळणीचा कायदा महाराष्ट्रात २००१ पासून लागू आहे. जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. तो पुरावा कुठे मिळतो? त्याच कोतवाल बुकात, त्याच शाळेच्या जुन्या दप्तरात. माझ्या आजोबांची नोंद 'सटव्या' अशी आहे. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव 'सटवाजी' आहे, कारण एका भल्या गुरुजींनी ते तसे लिहिले. हे दोघे एकच, असे प्रतिज्ञापत्र मला करावे लागले. एका कार्यालयात मला विचारण्यात आले, 'सटव्या वेगळा आणि सटवाजी वेगळा नाही कशावरून?' प्रश्न नियमाला धरून होता, मी त्याला दोष देत नाही. पण व्यवस्थेची खुबी पाहावी. ज्या 'या'ने आजोबांना गुलाम केले तोच 'या' आता नातवाच्या हक्काचा पुरावा झाला, आणि ज्या 'जी'ने त्यांना पहिल्यांदा माणूस म्हटले तो 'जी' संशयास्पद ठरला. माझ्या वर्गातली कित्येक मुले दरवर्षी अशीच प्रतिज्ञापत्रे घेऊन तहसीलच्या आवारात उभी असतात. कुणाचा आजा भिक्या आणि भिकाजी, कुणाची आजी गंगी आणि गंगूबाई. नावाचा प्रश्न हा भावनेचा प्रश्न आहे असे म्हणणाऱ्यांनी त्या आवारात एक दिवस काढावा.

४

स्त्रियांच्या नावांची कहाणी आणखी वेगळी आहे. सासरी नाव बदलण्याची चाल सर्वच जातींत होती, त्यामुळे बाईच्या नावावर तिचा स्वतःचा हक्क कधीच नव्हता. दलित बाईच्या बाबतीत गावाची 'ई' आणि नवऱ्याची मर्जी अशा दोन सत्ता एका नावावर चालत. शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' १९८६ साली पुस्तकरूपाने आली. त्यातली नायिका आहे नाजा. नाजा शिकते, शिक्षिका होते, शांताबाई होते. या आत्मकथनावरून दूरदर्शनवर मालिका झाली तेव्हा तिचे नाव 'नाजुका' ठेवण्यात आले. 'नाजा' या रांगड्या नावाला तिथे एकदम नाजूकपणा आला. हा बदल मला आजही खटकतो. शेणकूट करणाऱ्या, अनवाणी शाळेत जाणाऱ्या पोरीच्या नावात नाजूकपणा घालण्याची गरज कोणाला वाटली असेल?

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' याच काळातले. 'बेबी' हे तर इंग्रजीतले सरळ तान्ह्या पोरीचे नाव. त्या मोठ्या झाल्या, चळवळीत आल्या, निंबुऱ्याला आश्रमशाळा काढली, नवऱ्यापासून वह्या लपवून वर्षानुवर्षे लिहीत राहिल्या. पण नाव बेबीच. त्यांनी ते बदलले नाही, आणि त्यांच्या नावाला कमीपणा आला नाही. आपण बेबीताई म्हणतो तेव्हा त्या नावातली तान्ही पोर दिसत नाही, लिहिणारी बाई दिसते. आखूड नाव, लाडाचे नाव, परभाषेतले नावही माणूस मोठे करू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मराठीत नाही. म्हणूनच तोकड्या नावांना सरसकट घसरण म्हणणाऱ्या मित्रांशी माझे जमत नाही.

बाबासाहेबांनी पाकिस्तानवरील आपला ग्रंथ रमाबाईंच्या स्मृतीस अर्पण केला, तेव्हा अर्पणपत्रिकेत 'रामू' हे घरातले नाव घातले. एका जड, राजकीय, इंग्रजी ग्रंथाच्या पहिल्या पानावर हे दोन अक्षरी नाव. हे नाव तिथे कोण नेतो आहे ते पाहावे. ज्याला ते उच्चारण्याचा हक्क होता तोच, आणि तोही आदराने.

आईच्या नावाचा प्रश्न आता सरकारी कागदावरही आला आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, महाराष्ट्र शासनाच्या कागदपत्रांवर, बाळाच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आला. हा निर्णय स्वागतार्ह आहे. पण त्याने एक नवी जबाबदारी आपल्यावर टाकली आहे. आपल्या कित्येक मुलींची नावे दप्तरात छबी, बेबी, ताई, गुड्डी अशी आहेत. आधार कार्डावर एक, शिधापत्रिकेवर दुसरे, लग्नानंतरचे तिसरे. आता ते नाव तिच्या मुलाच्या नावाचा भाग होणार. आई कागदोपत्री तीन निघाल्या तर उद्या या मुलालाही प्रतिज्ञापत्र घेऊन उभे राहावे लागेल. पूर्वी बापाचा 'या' आड येत होता, पुढे आईची 'ई' येईल.

५

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या घरांत नावांची क्रांती झाली. गौतम, राहुल, आनंद, मिलिंद, सुजाता, प्रज्ञा, करुणा. एका पिढीत इतक्या लोकांनी इतक्या ठरवून नावे बदलल्याचे उदाहरण आपल्या देशात विरळाच असेल. कोणा पुरोहिताला न विचारता आईबापांनी पहिल्यांदाच आपल्या मुलाला अर्थ दिला. पण गावाने काय केले? मिलिंदचा मिल्या केला, गौतमचा गौत्या केला, भीमरावचा भिम्या केला. नाव बदलले, हाक मारणारा बदलला नाही. केवळ चांगले नाव ठेवून भागते असे मानणाऱ्यांनी हे विसरू नये.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) या चित्रपटाने ही गोष्ट जितकी स्वच्छ दाखवली तितकी एखाद्या प्रबंधानेही दाखवली नसती. कैकाडी समाजातल्या त्या मुलाला सगळे जब्या म्हणतात. त्याचे नाव आहे जांबुवंत कचरू माने. या तीन शब्दांत तीन काळ आहेत. कचरू हे बापाच्या पिढीचे जुगुप्सित नाव. त्या कचरूने आपल्या पोराला रामायणातल्या बलवंताचे नाव दिले. आपल्या वाट्याला आले नाही ते पोराला द्यावे, ही बापाची इच्छा त्यात आहे. आणि गावाने त्या जांबुवंताचा जब्या केला. जब्या आणि त्याचा मित्र पिऱ्या एकमेकांना हाका मारतात तेव्हा तीच आखूड नावे मोकळी, बरोबरीची वाटतात. शालूचे नावही आखूडच आहे, पण ते नाव मोठ्याने उच्चारण्याचे धैर्य जब्याला होत नाही. तो चिठ्ठी लिहितो. हाकेची कसोटी मी वर सांगितली ती या चित्रपटात अशी उभी आहे. शेवटी तर गाव 'जब्या' हे नावही काढून घेतो आणि डुकराचे नाव त्याला देतो. 'फँड्री' हा त्याच्याच भाषेतला शब्द, त्याच्याच तोंडावर फेकलेला. उत्तरादाखल जब्या दगड उचलतो आणि तो प्रेक्षकाच्या दिशेने येतो. चित्रपटातली बरोबरीची उलट हाक ती एवढीच.

६

मग आज जन्मणाऱ्या बाळाला सोनू, प्रिन्स, परी म्हणावे की नाही?

घरात खुशाल म्हणावे. 'प्रिन्स' म्हणणाऱ्या आईबापांना हसू नये. ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या उकिरड्याचे नाव मिळाले त्या घराला राजपुत्राचे नाव ठेवावेसे वाटले, तर त्यात इतिहासाचे उत्तर आहे. शहरातल्या सुखवस्तू घरांतही आज रिया, नील, जय, सई अशी दोन अक्षरी नावे भराभर ठेवली जातात आणि ती आधुनिक म्हणून मिरवतात. पण त्या नावांच्या पाठीमागे आडनाव उभे असते, शाळा उभी असते, घराचा पत्ता उभा असतो. आमच्या पोरामागे यातले काहीच नसताना त्याचे नाव 'छोटू' असे दप्तरात गेले, तर शहराला ते फार सोयीचे पडते. चहाच्या टपरीवर कप विसळणाऱ्या प्रत्येक पोराला शहर छोटू म्हणतच असते, नाहीतर बारक्या. गावातला 'या' शहरात येऊन असा छोटू झाला आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने एकोणिसाव्या वर्षी राजपत्रातून हे नाव बदलून घेतले. अर्जाचा खर्च त्याने उन्हाळ्यात बांधकामावर जाऊन भागवला. तो मला म्हणाला, 'सर, नोकरीच्या मुलाखतीत माझं नाव पुकारलं की सगळे दाराकडे बघतात, चहा आला काय म्हणून.' यावर मी वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे. आपल्या मुलाला दोन नावे मिळाली पाहिजेत. हाकेचे एक आणि दप्तरातले एक. सवर्णांना ही चैन परंपरेने मिळत आली. आमच्या वाडवडिलांना नाकारली गेली. दगडूला ती मोठेपणी लेखक म्हणून कमवावी लागली. आज कोणी अडवत नसताना आपण होऊन मुलाला एकाच नावात कोंडू नये. जन्माची नोंद नावाशिवायही होते, नाव मागाहून भरता येते. रुग्णालयाच्या घाईत, कोणा लिपिकाने 'बाळाला काय म्हणता?' विचारले म्हणून घरातली हाक सांगून मोकळे होऊ नये. थांबावे, विचार करावा, आईचे नावही नीट, एकच एक लिहिले जाईल असे पाहावे. पुढे त्या मुलाला मोठेपणी आपले घरातले नावच जगात न्यावेसे वाटले, बेबीताईंसारखे, तर तो त्याचा निर्णय असेल. निवडायला दोन नावे असली तरच निर्णयाला अर्थ असतो.

दुसरी जबाबदारी आम्हा शिक्षकांची आहे. नाव ठेवून काम संपत नाही, ते पूर्ण उच्चारले गेले पाहिजे. हजेरी घेताना पूर्ण नाव घ्यावे. वर्गात एखाद्याचा 'या' होत असेल आणि त्याला उलट तसे म्हणता येत नसेल तर ते तिथेच थांबवावे. माझ्या वडिलांच्या दाखल्यावर 'सटवाजी' लिहिणाऱ्या त्या गुरुजींनी कुठले भाषण केले नव्हते. त्यांनी एक अक्षर बदलले होते.

तिसरी गोष्ट चळवळीसाठी. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. माणसे मारली गेली, घरे जळाली, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी ते नाव लागले. सोळा वर्षे एका नावासाठी. आज त्याच विद्यापीठाला आपलीच मुले सहज 'बामू' म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांची ती आखुडी. कोणी अपमान करण्यासाठी म्हणत नाही, सोयीसाठी म्हणतात, हे मला कळते. पण ज्यांना ते नाव नको होते त्यांचीही त्यात सोय झाली. बाबासाहेबांचे नाव न घेता त्यांना विद्यापीठाचे नाव घेता येते. नाव मिळवणे जितके कठीण, तितकेच ते तोंडात टिकवणे कठीण.

आपल्या समीक्षेनेही हे काम हाती घ्यावे. आत्मकथन वाचताना त्यात कोण कोणाला कोणत्या नावाने हाक मारतो आणि ओ कशी दिली जाते, याची नोंद करावी. त्यातून गावगाड्याचा असा नकाशा हाती येईल, जो कुठल्याही जनगणनेत सापडणार नाही. दगडू, नाजा, जब्या या नावांना पुस्तकातून सोज्वळ करू नये. ती आपल्या बाजूची साक्ष आहे. साक्ष पुस्तकात जपावी आणि नव्या बाळाच्या नोंदीत त्याचे पूर्ण नाव, आईच्या पूर्ण नावासह, स्वच्छ अक्षरात लिहावे.